कबड्डीला सोळाशे मीटर कशाला?

असरची नमाज आटोपून मशिदीबाहेर आलो तेव्हा भाचा पायरीवर चपला शोधत होता. चेहरा उतरलेला. रमजानात संध्याकाळी पाच वाजता कोणाचाच चेहरा फुललेला नसतो, म्हणून मी आधी लक्ष दिलं नाही. घराकडे चालता चालता तो हळूच म्हणाला, "मामू, टीम में नाम नहीं आया."

भाचा सतरा वर्षांचा. कबड्डीत डावा कोपरा सांभाळतो. गडचांदूरच्या गल्ल्यांमध्ये त्याच्या घोटा पकडीची थोडी ख्याती आहे. चढाईला आलेल्या पोराचा पाय एकदा त्याच्या हाती लागला की तो सहसा सुटत नाही. त्याचं नाव संघात नसावं याचं मला नवल वाटलं. निवड कशी झाली, विचारलं. आदल्या दिवशी दुपारी चार वाजता बावीस पोरांना मैदानावर उभं केलं, फक्कीनं आखलेल्या चारशे मीटरच्या चार फेऱ्या मारायला लावल्या आणि पहिले चौदा ठेवले. हा सतरावा आला. पहाटे पाचपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता.

"रोजा आहे, हे सरांना सांगितलंस का?"

"नहीं. बताता तो बहाना लगता."

यावर मी काय बोलणार? रोजा हा बंदा आणि अल्लाह यांच्यामधला मामला आहे, तो लोकांना दाखवत फिरायचा नसतो, हे लहानपणी मीच त्याला शिकवलेलं. इफ्तारला खजूर हातात घेतला तरी माझं मन त्या चार फेऱ्यांमध्येच अडकलेलं होतं. आणि विचार केला तसं लक्षात आलं की इथला खरा प्रश्न रोज्याचा नाहीच. रोजा नसता, पोट भरलेलं असतं, हवा थंड असती आणि पोरगा पहिला आला असता, तरी विचारावंच लागलं असतं की कबड्डीला सोळाशे मीटर कशाला?

आपल्या भागात सोळाशे हा आकडा शाळकरी पोरालाही पाठ असतो. त्याचं कारण पोलीस भरती. शारीरिक चाचणीचे ५० गुण. त्यात पुरुषांना १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. राजुरा, कोरपना, जिवती, तिकडे गडचिरोलीपर्यंत कुठल्याही गावाच्या रस्त्यावर पहाटे पळणारी पोरंपोरी दिसतात, ती याच आकड्यांच्या मागे असतात. सिमेंटच्या ट्रकांची धूळ खात, मोबाइलच्या उजेडात पळतात बिचारी. भरतीला हजारो उमेदवार येतात, सगळ्यांना एकच माप लावावं लागतं आणि ते आधीपासून जाहीर असावं लागतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण भरतीनं आपल्या मैदानांना एक सवय लावली आहे. मैदान आखलेलं असतं ते भरतीसाठी, सरांच्या गळ्यात स्टॉपवॉच असतं ते भरतीसाठी, आणि मग खो-खोचा संघ निवडायचा असो की कबड्डीचा, "चला, मारा फेऱ्या."

हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवण्यासाठी लिहीत नाही. आयुष्यभर शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं आणि हेच मीही केलं. एका वर्षी खो-खोसाठी मुली निवडताना चारशे मीटर धावायला लावलं. आठवीतली एक मुलगी दम लागून मधेच चालायला लागली. मी वहीत तिच्या नावापुढे फुली मारली. महिन्याभरानंतर मधल्या सुटीत ती वर्गातल्या बाकांमधून मैत्रिणींना चकवताना दिसली. पाच जणी मागे होत्या, एकीच्याही हाती लागत नव्हती. खो-खोला याहून वेगळं काय लागतं? सत्तावीस मीटरचं मैदान, दोन टोकांना दोन खांब, मधे बसलेल्या आठ जणी आणि त्यांच्यामधून क्षणाक्षणाला दिशा बदलत निसटायचं. तिच्यात ते होतं, आणि माझ्या चाचणीनं ते विचारलंच नव्हतं. पुढच्या वर्षी बोलावलं तेव्हा ती आलीच नाही. "सर, माझ्यानं नाही होत," म्हणाली. ते माझ्या फुलीनंच तिला शिकवलं होतं.

आता कबड्डी घ्या. पुरुषांचं मैदान तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद. म्हणजे प्रतिस्पर्ध्याचं अर्धं अंगण साडेसहा मीटरचं. मध्यरेषेपासून निदान रेषा पावणेचार मीटरवर, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. चढाई तीस सेकंदांची. चढाईपटू सरळ रेषेत सात मीटरसुद्धा धावत नाही. धावतो, थबकतो, मागे सरकतो, पाय फेकतो, वळतो, आणि पकड बसली तर तीन-चार जणांना अंगावर घेऊन मध्यरेषेकडे स्वतःला ओढत नेतो. हे सगळं "कबड्डी, कबड्डी" म्हणत, एका दमात. गंमत बघा, आपल्या पूर्वजांनी दमाची चाचणी खेळाच्या आतच घालून ठेवली आहे. दम तुटला की गडी बाद! त्यासाठी वेगळं घड्याळ लागत नाही.

कोपऱ्यातल्या रक्षकाचं काम आणखी निराळं. तो बराच वेळ गुडघे वाकवून, सरकत, वाट बघत असतो. मग निमिषभरात झेप, पंजाची पकड आणि कंबरेचा जोर. पकड फसली की उठून पुन्हा जागेवर. वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांत हे कितीतरी वेळा. दम लागतो, नाही असं नाही. पण तो सलग पाच-सहा मिनिटं एका गतीनं पळण्याचा दम नव्हे. स्फोटासारखी ताकद लावायची, वीस-तीस सेकंदांत सावरायचं, पुन्हा तेवढीच ताकद लावायची, असा तो दम. दोन्ही दम एकाच छातीत असतात, पण एकाचं माप दुसऱ्याला लागत नाही. मापट्यानं तांदूळ मोजता येतो, लुगडं नाही.

मग चाचणी कशी असावी? मला जमेल तसं सांगतो. आधी खेळ बघायचा, वही घेऊन. माणूस किती अंतर पळतो, किती वेळा वळतो, किती वेळ थांबतो, कुठला अवयव थकतो, सामन्याच्या शेवटी कुठली चूक होते. त्या टिपणातून चाचणी निघते. कबड्डीसाठी जागेवरून लांब उडी, म्हणजे पायांची ताकद कळते. भिंतीवर खडूनं खूण करून उभी उडी. पाच मीटर जा, वळा, या, असं दोनदा, हे वळण्यासाठी. तेच दर तीस सेकंदांनी सहा वेळा करायचं आणि पहिल्या वेळेपेक्षा सहावी वेळ किती घसरली ते बघायचं, हे सावरण्यासाठी. हाताची पकड मोजायचं यंत्र मिळतं, पण नसेल तर आडव्या दांड्याला लोंबकळून किती सेकंद राहतो हे बघितलं तरी अंदाज येतो. या सगळ्याला खर्च खडूचा.

आणि चाचणीचीही एक चाचणी असते. आपल्या गावातले सगळे ज्यांना मानतात असे तीन-चार जुने खेळाडू बोलवायचे आणि आधी त्यांनाच ती द्यायची. ते खाली राहिले आणि ज्याला खेळ येत नाही तो वर आला, तर नापास कोण झालं? शिवाय एकाच पोराला दोन दिवसांच्या अंतरानं तीच चाचणी पुन्हा द्यायची. त्याचाच आकडा एवढा हलत असेल की पहिला पोरगा दहावा व्हावा, तर त्या आकड्यावर कोणाचं नाव कापू नये. मैदान ओलं होतं की कोरडं, बूट होते की अनवाणी, सकाळ होती की दुपार, हे वहीत लिहायला फार तर एक ओळ लागते. मी ती कधी लिहिली नाही.

लहान मुलांचं वेगळं असतं, हेही सांगायला हवं. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीसाठी आठ ते चौदा वयाची मुलं निवडताना उंची-वजन, ३० मीटर, ८०० मीटर, शटल रन, जागेवरून उड्या, मेडिसिन बॉल फेकणं, वाकून पुढे पोचणं अशा सगळ्या बाजूंच्या चाचण्या घेतात. तिथे ते योग्यच आहे, कारण त्या वयात मुलानं कोणता खेळ खेळावा हेच ठरायचं असतं. सतरा वर्षांच्या, खेळ ठरलेल्या पोराला संघातून काढायला मात्र ती सगळी शिदोरी नको आणि तिच्यातला एकच तुकडाही नको.

हे प्रश्न फक्त आपल्या गावाचे नाहीत. टीव्हीवर क्रिकेट बघणाऱ्यांना यो-यो हा शब्द ओळखीचा आहे. डेन्मार्कच्या येन्स बांग्सबो यांनी फुटबॉलपटूंसाठी बसवलेली ही चाचणी. वीस मीटर जायचं, वीस मीटर यायचं, मधे दहा सेकंद उसंत, आणि प्रत्येक टप्प्याला गती वाढत जाते. फुटबॉलमध्ये माणूस सामन्यात दहा किलोमीटरच्या आसपास चालतो-पळतो, पण थांबत, झपाटत, पुन्हा थांबत. म्हणून ती तिथे चपखल बसते. २०१७ मध्ये भारतीय क्रिकेट संघानं ती निवडीची अट केली. युवराज सिंग, सुरेश रैना तिच्यात अडकले. जून २०१८ मध्ये मोहम्मद शमी नापास झाला आणि अफगाणिस्तानविरुद्धच्या बंगळुरूच्या कसोटीतून बाहेर राहिला. महिन्याभरात तो परतला. पुढच्या वर्षी विश्वचषकात त्याच अफगाणिस्तानविरुद्ध हॅट्‌ट्रिक घेतली आणि २०२३ च्या विश्वचषकात सात सामन्यांत २४ बळी. म्हणून चाचणी खोटी होती असं मी म्हणणार नाही. ती त्या दिवशीची त्याची तब्येत सांगत होती. चेंडूची शिवण सरळ कशी ठेवायची हे तिला विचारलंच नव्हतं.

क्रिकेट मंडळालाही हे हळूहळू उमगलं असावं. २०२१ मध्ये दोन किलोमीटरची धाव आणली तेव्हा वेगवान गोलंदाजांना ८ मिनिटं १५ सेकंद आणि फलंदाज, फिरकीपटू, यष्टीरक्षकांना ८ मिनिटं ३० सेकंद अशी वेगवेगळी वेळ ठेवली. २०२५ मध्ये रग्बीकडून ब्रॉन्को नावाची चाचणी आली: वीस, चाळीस आणि साठ मीटर जाऊन यायचं, असं पाचदा, मधे विश्रांती नाही, एकूण बाराशे मीटर. कारण सांगितलं गेलं ते असं की गोलंदाज जिममध्ये जास्त आणि मैदानावर कमी पळतात. एवढा पैसा, एवढे तज्ज्ञ, आणि आठ-दहा वर्षांत तीन चाचण्या. आपल्या गावातल्या सरांना एकदा चुकायची मुभा द्यायला हरकत नाही.

पण याच बाबतीत आपल्या अगदी उशाशी एक मोठं उदाहरण आहे आणि आपण ते फक्त सत्काराच्या भाषणात आठवतो. २०१८ च्या मे महिन्याच्या मध्याला, रमजानचा चांद दिसला त्याच सुमारास, चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टवर पोचल्याची बातमी आली. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काटमोडे आणि विकास सोयाम. आदिवासी विकास विभाग आणि जिल्हा प्रशासनाचं 'मिशन शौर्य'. बोर्डा, जिवती आणि देवाडा इथल्या आश्रमशाळांची ही मुलं. जिवती म्हणजे आपल्या माणिकगडच्या पहाडावर, घाट चढला की आलंच. देवाडा राजुरा तालुक्यात. त्या महिन्याच्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी पाचही नावं घेतली, तेव्हा बाजारात चहाच्या टपरीवर लोक मोबाइलला कान लावून उभे होते. आमचे रोजे चालू होते, बाहेर चंद्रपूरचं मे महिन्याचं ऊन होतं आणि आपली पोरं बर्फातून उतरून येत होती.

मला त्यातली जी गोष्ट महत्त्वाची वाटते ती निवडीची. पहाडावर शेळ्यांमागे धावणारी, दूरवरून पाणी आणणारी ही मुलं काटक होती, हे सगळे सांगतात. काटकपणा खराच. पण काटक मुलं एव्हरेस्ट चढतील हे कोणत्या चाचणीनं कळणार? गडचांदूर समुद्रसपाटीपासून दोन-अडीचशे मीटरवर. एव्हरेस्ट आठ हजार आठशे अठ्ठेचाळीस. तिथे हवेचा दाब इथल्या सुमारे एक तृतीयांश, म्हणून श्वासातून मिळणारा प्राणवायूही तेवढाच. सपाटीवर सोळाशे मीटरमध्ये पहिला येणारा पोरगा उंचीवर डोकेदुखी-उलट्यांनी आडवा होऊ शकतो आणि मागे राहणारा सावकाश चालत वर जाऊ शकतो. इथल्या मैदानावरच्या धावण्यावरून ते सांगता येत नाही. उंचीची चाचणी उंचीवरच, आणि हळूहळू.

म्हणून ऑगस्ट २०१७ पासून ती मुलं कुठे कुठे गेली ते बघा. वर्धा, मग हैदराबाद, मग दार्जिलिंग, मग लेह-लडाख. हैदराबादच्या बाजूला कातळ आहे. तिथे कळतं की दोरावर लटकल्यावर हातपाय कापतात का. दार्जिलिंगला १९५४ पासूनची गिर्यारोहण संस्था. तिथे बर्फ आणि बर्फातली शिस्त. लेह साडेतीन हजार मीटरवर. तिथे विरळ हवा आणि हाडं गोठवणारी थंडी. एकेक मुक्काम एव्हरेस्टचा एकेक प्रश्न विचारत होता. शेजारच्या तेलंगणात मालावत पूर्णा या तेरा वर्षांच्या मुलीनं २५ मे २०१४ रोजी एव्हरेस्ट सर केलं, ती सरकारी वसतिशाळेतलीच आणि असंच पायरी पायरीनं तयार झालेली. तुकडीतले सगळेच शिखरापर्यंत गेले नाहीत, आणि त्यात कोणाला नापास म्हणायचं कारण नव्हतं. त्यांना त्यांच्याच वाटेवर मोजलं होतं. जिवतीच्या पोरांसाठी एवढा विचार झाला होता. घाटाच्या पायथ्याशी कबड्डी निवडताना आपण चार फेऱ्यांवर भागवतो.

आता रोज्याकडे येतो, कारण ते टाळून चालणार नाही. ट्युनिशिया, अल्जेरिया, कतार इथल्या संशोधकांनी रमजानातल्या खेळाडूंवर पुष्कळ काम केलं आहे. थोडक्यात सांगायचं तर झोप, जेवण आणि सराव नीट सांभाळला तर ताकदीत फार मोठी घट होत नाही. होते ती जास्त करून दुपार कलल्यावर, आणि पुन्हा पुन्हा झपाट्यानं पळण्याच्या कामात. पाणी कमी, तरावीह आणि सेहरीमुळे झोपेचे तुकडे. हकीम ओलाजुवान हा अमेरिकेतला बास्केटबॉलपटू रोजे ठेवून खेळला आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये, रमजानच्या महिन्यातच, त्याला महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं गेलं. पण सगळे ओलाजुवान नसतात, आणि त्याचे सामने रात्रीचे, बंद सभागृहात. चंद्रपूरच्या उन्हात नव्हे.

तेव्हा दुपारी चार वाजता रोजेदार आणि बिनरोजेदार यांना एका रेषेवर उभं करून घड्याळ लावलं तर ते घड्याळ काय मोजतं? बरंचसं तहान मोजतं. निवड शक्यतो रमजान संपल्यावर करावी. करायचीच असेल तर फजरनंतर तासाभरात, नाहीतर इफ्तारनंतर दोन-अडीच तासांनी. मधल्या काळातले आकडे ठेवावेत, पण वहीत 'रमजान' असा शेरा मारून, आणि त्या पोराची तुलना त्याच्या स्वतःच्याच आधीच्या आकड्याशी करावी. हे फक्त आमच्या पोरांसाठी मागत नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. सध्या तो महाशिवरात्र आणि चैत्र नवरात्राच्या आसपास येतो. नऊ दिवस फराळावर राहून कबड्डी खेळणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, त्याही सरांना काही सांगत नाहीत. पाळीच्या दुखण्यात धावणारी मुलगी तर अजिबात सांगत नाही. चाचणीच्या आधी सरांनी सगळ्यांनाच विचारावं: आज कोणाचा उपवास, कोण आजारी, कोण रात्रभर जागलं? मुलींकडे बाईंनी विचारावं. सगळ्यांना विचारलं की कोणालाच बहाणा वाटत नाही.

कुराणात जिथे रोज्याचा हुकूम आहे तिथेच आजारी आणि प्रवासी माणसाला सूट आहे. राहिलेले रोजे त्यानं पुढे पूर्ण करायचे. मार्च २०२५ मध्ये दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीच्या उपांत्य सामन्यात शमी सीमारेषेवर काहीतरी पिताना दिसला आणि केवढा गदारोळ झाला. एका मौलानांनी त्याला गुन्हेगार ठरवलं, दुसऱ्या अनेकांनी प्रवासाच्या सवलतीची आठवण करून दिली. मला तो वादच नको वाटला. ज्या धर्मानं माणसाची स्थिती बघून हुकूम सैल केला, त्याच्या नावानं आपण सगळ्यांना एकाच शिट्टीवर पळवायला निघतो.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती निवडीहून गंभीर. सिकलसेल. चंद्रपूर-गडचिरोलीत, विशेषतः आदिवासी आणि इतरही काही समाजांत हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. शरीरातलं पाणी कमी झालं, ऊन लागलं, दम फार लागला की त्रास वाढतो. सिकलसेलच्या रुग्णानं उन्हात जिवाच्या आकांतानं पळणं धोक्याचं असतं. आणि ज्यांच्यात आजार नाही पण फक्त वाहकाचा अंश आहे, अशांचेही तापलेल्या हवेत अति जोरानं पळताना जीव गेल्याची उदाहरणं जगभरात सैनिक आणि खेळाडूंमध्ये नोंदली आहेत. वाहकाला खेळू देऊ नये असं नाही. त्यानं खेळावं, पण पाणी पिऊन, टप्प्याटप्प्यानं, आणि सरांना माहीत असताना. रक्ताची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. १ जुलै २०२३ पासून देशपातळीवरची मोहीमही चालू आहे. म्हणजे पहिली चाचणी मैदानावर नाहीच, दवाखान्यात आहे. ज्या घरात हा आजार आहे तिथल्या मुलानं रोजा ठेवायचा की नाही, हेही आधी डॉक्टरांना विचारावं. सूट त्यासाठीच दिलेली आहे.

परवा तरावीहनंतर आम्ही गल्लीत बसलो होतो. साडेनऊ झाले असतील. भाच्याचे पाच-सहा मित्र जमले, त्यात निवड झालेलेही होते. मी घरातून खडू आणला आणि नगरपरिषदेच्या दिव्याखाली पाच मीटरवर दोन रेषा ओढल्या. सहा धावा, दर तीस सेकंदांनी एक. भाच्याची पहिली ५.८ सेकंद, सहावी ६.१. सोळाशे मीटरमध्ये पहिला आलेला पोरगा पहिल्यांदा ६.३ आणि शेवटी ६.४, म्हणजे घसरत नाही पण झटका कमी. तो चांगला खेळाडू आहे, त्याला चढाईला ठेवावं की मधे, हे त्या आकड्यांवरून थोडंफार कळतं. मग शेजारच्या पत्र्याच्या शेडच्या दांड्याला एकेक जण लोंबकळला. त्यात भाचा सगळ्यांच्या पुढे. घरातल्या बायका खिडकीतून बघून हसत होत्या.

वही घेऊन मी सरांकडे गेलो. तरुण माणूस, कधीकाळी माझाच विद्यार्थी. रागावला नाही. म्हणाला, "सर, माझ्याकडे एक स्टॉपवॉच, एक तास आणि बावीस पोरं होती. सोळाशे मीटर सगळ्यांचं एकदम उरकतं." खरं होतं. मीही शाळेत तेवढ्यासाठीच फेऱ्या मारून घेत होतो. मी म्हटलं, सहा धावा तीन मिनिटांत होतात. चौघं मिळून वेळ घेऊ, तासाभरात सगळे होतील. त्यानं थोडा विचार केला. यादी ईदच्या आधी पाठवायची आहे, थांबता येत नाही. शेवटी गुरुवारी सकाळी सहा वाजता, म्हणजे फजर झाल्यावर, सगळ्या बावीस जणांना पुन्हा बोलवायचं ठरलं. आधी निवडलेल्या चौदा जणांनाही.

भाच्याला सांगितलं तर तो खूश व्हायचा सोडून गप्प झाला. आपल्यासाठी हे घडवून आणलं असं पोरांना वाटेल, ही त्याची धास्ती. ती खोटी नव्हती. दुसऱ्याच दिवशी चौदाव्या आलेल्या पोराचे वडील बाजारात भेटले. सिमेंट कंपनीच्या ट्रकवर असतात, वर्षानुवर्षांची ओळख. मोटरसायकल थांबवून म्हणाले, "काय चाचा, भाच्यासाठी चालू आहे का हे सारं? माझ्या पोराचं नाव तर लागलं होतं."

मी त्यांना वही दाखवली नाही. गुरुवारी सुटी काढता येईल का, एवढंच विचारलं. सकाळी सहाला येतो म्हणाले. एक घड्याळ त्यांच्या हातात द्यायचं आहे.